भरल्या टाकीची पिकअप

१

हल्ली जुनी पिकअप शोधणं इतकं सोपं झालंय, की डेलमर शाफरला त्याचा रागच यायचा. त्याच्या तरुणपणी अशी गाडी मिळवायची म्हणजे एक वर्षाचं काम असे. रविवारी चर्च सुटलं की म्हाताऱ्यांना गाठायचं, पावसापाण्याच्या, गव्हाच्या गप्पा मारायच्या, आणि पाय अवघडल्यावर हळूच विषय त्यांच्या मागच्या शेडकडे न्यायचा. एखाद्या विधवाबाईंच्या अंगणातलं गवत दोन उन्हाळे कापून द्यायचं, तेव्हा कुठे त्या म्हणायच्या, की बरं, ये, बघून जा. आता काय, सकाळची कॉफी निवायच्या आत अंगठ्यानं फोन सरकवला की गाड्यांची रांग लागते. कष्टच नाहीत, तर मिळाल्याचा आनंद तरी कसा व्हायचा, असं त्याचं म्हणणं होतं.

तरीही त्या मार्चमध्ये तो रोज सकाळी स्वयंपाकघरात बसून फोन सरकवत होता. कारण त्याची आई होती.

विल्मा शाफर एक्याण्णव वर्षांची होती. गेल्या चार वर्षांत तिच्या डोक्यातलं एकेक सामान कुणीतरी बाहेर काढून ठेवावं तसं जात चाललं होतं. पण त्यातही एक खोच होती. महिन्यातून एकदा विचिटा शहराहून येणाऱ्या मुलीचं, जोलीनचं नाव तिला आठवे. मेलेल्या नवऱ्याचं आठवे. साठ वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचंसुद्धा आठवे. आठवत नसे ते फक्त डेलमरचं. जो तिला रोज उठवायचा, अंघोळ घालायचा, स्वेटरची बटणं लावून द्यायचा, त्याला ती म्हणे, "अहो, ऐकलं का, तुम्ही फार करता हो माझं. तुमच्या घरी वाट बघत असतील."

"मी इथेच राहतो, आई."

"हो का? मग बरंय तुम्हाला."

डेलमर सदुसष्ट वर्षांचा होता, बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि आपल्याला असल्या गोष्टीचं वाईट वाटू नये असं त्याला वाटायचं. पण वाटायचं. आईनं एकदा, फक्त एकदा, डेल म्हणून हाक मारावी, एवढीच त्याची इच्छा होती. आणि त्या इच्छेला मुदत होती. ईस्टरनंतर आईला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं हे जोलीननं ठरवून टाकलं होतं. तिथे गेल्यावर ती त्याला कशाला ओळखेल?

घरी येणाऱ्या नर्सनं सहज म्हटलं होतं, "जुन्या वस्तू हाताला लागू द्या त्यांच्या. कधीकधी फरक पडतो." म्हणून त्याला वडिलांच्या पिकअपची आठवण झाली. चोपन्न सालची, हिरवी. वडिलांनी ती विकून टाकल्याला चाळीसच्या वर वर्षं होऊन गेली होती. तीच कुठून मिळणार? पण तशी मिळाली तरी खूप होतं.

त्यानं साल घातलं, रंग घातला. त्रेचाळीस गाड्या निघाल्या. बेचाळीस लांबच्या होत्या. एक अकरा मैलांवर होती.

फोटो एकच होता. शेडचं अर्धं उघडं दार आणि अंधारातून डोकावणारं हिरवं नाक. फोन नंबर नाही, नाव नाही, नुसता रस्ता दिला होता. त्या रस्त्यानं डेलमर गेली पन्नास वर्षं जात होता. ती शेड पेनरबाईंची, हे त्यानं बघताक्षणी ओळखलं.

२

"जाहिरात?" पेनरबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. त्यांच्या हाताला पीठ लागलं होतं. "मी? आणि फोटो कुणी काढला, माझ्या कोंबड्यांनी?"

डेलमरनं फोन पुढे केला. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बराच वेळ बघितलं. मग फोन परत देताना त्यांनी हात ॲप्रनला पुसले, जरा जास्तच वेळ पुसले.

"ते दार मी उघडत नाही," त्या म्हणाल्या.

"वाऱ्यानं उघडलं असेल."

"असेल. तुला हवीये का ती?"

"बघतो तर खरं. आईला बसायला हवीये नुसती. चालली नाही तरी चालेल."

"चालत नाहीच. इंजिन जाम आहे वीस वर्षं." मग त्यांनी आवाज उतरवला, "नेणार असशील तर आजच ने, डेलमर. उद्या येतो म्हणू नकोस."

गाडी त्याच्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. गंज होता, पण वरवरचा. सीटचं कापड फाटलेलं नव्हतं. त्यानं बॉनेट उघडून पंखा दोन्ही हातांनी फिरवून बघितला. तो इंचभरसुद्धा हलला नाही. त्या सालच्या गाड्यांची पेट्रोलची टाकी आतच, सीटच्या मागे असते. त्यानं टाकीवर बोटं वाजवली, तर रिकाम्या डब्यासारखी वाजली. नळीतून काठी घालून बघितली, तिला नुसता गंज लागून आला. किल्ली होती तिथेच, लावलेली.

पैसे किती देतोस हे बाईंनी विचारलंसुद्धा नाही. दिले तेवढे मुठीत घेतले. ट्रेलरवर गाडी चढवून, साखळ्या आवळून तो निरोप घ्यायला वळला, तर त्या आत जाऊन पडदे ओढून मोकळ्या झाल्या होत्या. भर दुपारी. डेलमरला ते जरा लागलं. इतक्या वर्षांची ओळख होती, निदान कॉफीला तरी थांब म्हणायचं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर त्यानं आईला शेडमध्ये नेलं. पिकअपचं दार उघडलं, पायाखाली स्टूल ठेवलं. आई चढली, आणि दाराशी न बसता सरकत सरकत सीटच्या मधोमध जाऊन बसली. तिच्या काळच्या बायका तशाच बसायच्या, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

डेलमर गाडीला हात टेकून उभा राहिला.

"अहो," आई समोरच्या काचेतून बघत म्हणाली, "छान आहे हो तुमची गाडी."

"तुझीच आहे."

"काहीतरीच तुमचं."

ती तिथे तासभर बसली. रोज दुपारपर्यंत तिची चाललेली उलघाल, ड्रॉवर उघडणं, दारं लावणं, पुन्हा उघडणं, सगळं थांबलं. डेलमर गुरांना चारा घालून आला तरी ती तशीच, मांडीवर हात ठेवून बसली होती. चेहरा निवांत होता. घरात आल्यावर तिनं दोन वाट्या सूप संपवलं.

त्या संध्याकाळी त्यानं जोलीनला फोन करून हे सांगितलं. जोलीन म्हणाली, "डेलमर, सूप प्यायली म्हणून तिला गॅरेजमध्ये ठेवणार आहेस का तू?" बहीण तशी वाईट नव्हती, पण तिचं बोलणं नेहमी असं कात्रीनं कापल्यासारखं असे.

४

चौथ्या दिवशी त्याला शेडमध्ये पेट्रोलचा वास आला.

सीटमागच्या टाकीवर त्यानं बोटं वाजवली. आवाज बुजका आला. काठी घातली, तर ती टोकापर्यंत ओली होऊन बाहेर आली. टाकी काठोकाठ भरली होती.

डेलमर काठी हातात धरून तसाच उभा राहिला. मग हसला. हा व्हर्ननचा चावटपणा. व्हर्नन हा त्याचा शेजारी, मैलभरावरचा. त्या भागात गाडीची किल्ली कुणी काढत नाही. काढली तर तो शेजाऱ्याचा अपमान होतो. ज्याला लागेल त्यानं न विचारता गाडी न्यावी, काम उरकून परत आणून लावावी, आणि लावताना टाकी भरून द्यावी. एवढाच नियम. डेलमरची चांगली गाडी व्हर्नननं अशी किती वेळा नेली असेल, हिशेब नाही. तेव्हा या जाम झालेल्या डबड्यात पेट्रोल ओतून त्यानं थट्टा केली असणार.

"मी?" व्हर्नन फोनवर ओरडला. "अरे, तुझी धडधाकट गाडी नेली तेव्हासुद्धा मी अर्धीच टाकी भरतो, आणि त्या भंगारात ओतू? तुला वेडबिड लागलंय का म्हातारपणी?"

"मग कुणी भरली?"

"ज्यानं नेली त्यानं."

"ती चालत नाही, व्हर्नन."

"मग नेली नसेल," व्हर्नन म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

डेलमर परत शेडमध्ये गेला. पंखा दोन्ही हातांनी ओढून बघितला. हलला नाही. इंजिनावर तळवा ठेवला. दगडासारखं गार होतं. शेडच्या मातीत फक्त ट्रेलरवरून उतरवताना उमटलेले टायरचे ठसे होते. निदान त्याला तरी तेवढेच दिसत होते. वारा सतत वाहत होता, पत्र्याची एक कड थडथड वाजत होती, आणि त्याला विनाकारण मागे वळून बघावंसं वाटत होतं. त्यानं वळून बघितलं. काही नव्हतं.

५

आई सुधारत होती. आधी त्याला वाटलं आपला भास आहे, पण भास रोज रोज होत नाही. सोमवारी तिनं स्वतःच्या हातानं केस विंचरले. मंगळवारी पिकअपमधून उतरताना त्याचा हात धरून ती म्हणाली, "जेवलास का तू?"

तू. चार वर्षांत पहिल्यांदा. डेलमर गोठ्यामागे जाऊन रडला.

त्याच दिवशी तिचे बूट काढताना त्यांच्या तळांना ओली लाल माती लागलेली दिसली. त्याच्या शेतावर माती करडी होती. आणि घरापासून शेडपर्यंत तर नुसती खडी होती. त्यानं माती नखानं खरवडली, कागदावर घेतली, खिडकीत नेऊन बघितली.

"आई, कुठे गेली होतीस?"

"फिरायला."

"कुणाबरोबर?"

आईनं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की हे काय विचारणं झालं. "छान चालवतो," ती म्हणाली. "धक्का बसू देत नाही."

बुधवारी डेलमर शेडच्या दारामागे बादली उलटी घालून तिच्यावर बसला. ठरवलं होतं, आज हलायचं नाही. दोन तास तो फळ्यांच्या फटीतून बघत राहिला. आई मधोमध बसली होती. पत्रा वाजत होता. एक चिमणी आत आली, गेली. बाकी काही झालं नाही. टाकीत काठी घातली तर सकाळइतकंच पेट्रोल होतं.

पण त्या दुपारी आईनं चमचा भिंतीवर फेकला. डेलमर उचलायला वाकला तर ती घाबरून खुर्चीत मागे सरकली. "अहो, कोण तुम्ही? माझ्या घरात काय करताय? मला मुलगा आहे, तो येईल आता."

रात्री जोलीनचा फोन आला. "मी रविवारी कागद घेऊन येतेय. सही करायचीये तुला."

"ती सुधारतेय, जोलीन."

"सुधारत नसतं त्यात कुणी." मग ती जरा मऊ झाली. "आणि त्या गाडीची किल्ली तरी काढून ठेव. उद्या आईनं फिरवली, ब्रेक सुटला म्हणजे?"

"इथे कुणी किल्ली काढत नाही. तू शहरात जाऊन विसरलीस."

फोन ठेवल्यावर तो शेडमध्ये गेला. किल्लीवर बोटं ठेवली. ती काढायला हवी, हे त्याला कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं, अंगावर काटा यावा इतकं. पण आपण नजर ठेवली की काही होत नाही आणि पाठ फिरवली की आई थोडी थोडी परत येते, हेही त्याला कळलं होतं. रविवारला चार दिवस होते. त्यानं किल्ली तशीच ठेवली.

६

गुरुवारी त्यानं आईला नीट कपडे घातले. निळा स्वेटर घातला, सगळी बटणं लावली. घाईत एक बटण वरच्या काजात गेलं, ते तसंच राहिलं. तिला पिकअपमध्ये बसवलं आणि आपली गाडी काढून तो गावात निघून गेला. चार वर्षांत त्यानं तिला एवढा वेळ एकटं ठेवलं नव्हतं. स्वतःला त्यानं सांगितलं, की खताची चौकशी करायचीये.

खताच्या दुकानात तो दहा मिनिटं होता. मग कॅफेत बसला. ॲपल पाय मागवला, खाल्ला नाही. घड्याळ बघितलं, कॉफी मागवली, पुन्हा घड्याळ बघितलं. वेट्रेस म्हणाली, "डेलमर, कुणाची वाट बघतोयस का?" तो म्हणाला, नाही. टेबलाखाली त्याचा गुडघा नाचत होता, तो त्यानं हातानं दाबून धरला. आत्ता उठावं आणि घरी पळावं असं वाटत होतं. आणि अजून अर्धा तास द्यावा, म्हणजे काम पुरतं होईल, असंही वाटत होतं. आपण काय करतोय याची त्याला लाज वाटली. तरी त्यानं अर्धा तास दिला.

परतताना खडीच्या रस्त्यावर ऊन लख्ख होतं, हवा मात्र बोचरी होती. दोन्ही बाजूंना कोवळा गहू वाऱ्यानं लोळत होता. समोरून धूळ उडवत एक गाडी येत होती. हिरवी.

तिकडच्या रस्त्यांवर समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो नसो. लहानपणापासून हाताला ती सवय असते. डोक्याला विचारावं लागत नाही. गाडी जवळ आली. मधोमध आई बसली होती. डेलमरला तिचा चेहरा सुरकुत्यांसकट दिसला. ती हसत होती, शेजारी बसलेल्याचं काहीतरी ऐकत होती. शेजारचा भाग मात्र नीट दिसेना. काच तेवढ्याच जागी पुसायची राहून गेली असावी तशी. स्टिअरिंगवरून एक बोट वर झालं.

आणि डेलमरचंही बोट वर झालं.

गाडी निघून गेल्यावर त्यानं करकचून ब्रेक दाबला. नमस्कार केला आपण. राजीखुशीनं, शेजाऱ्याला करावा तसा. न्या म्हटल्यासारखा. गाडी वळवून तो मागे सुटला, पण पुढे रस्ता मोकळा होता, धूळसुद्धा खाली बसली होती. चार मैल त्यानं गाडी हाणली. मग फिरून घरी आला.

पिकअप शेडमध्ये होती. त्यानं इंजिनाला हात लावला. गार. सीट रिकामी होती.

घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

७

आई ओट्याशी उभी होती. तिनं पीठ मळलं होतं, कोबी चिरला होता, खिमा परतला होता. बीरॉक, म्हणजे खिमा-कोबी भरलेले पाव, करत होती. डेलमर शाळेतून यायचा तेव्हा करायची तसेच, गोल, कडा आत दुमडलेले. चार वर्षांत तिनं चूल पेटवली नव्हती.

"डेल," ती मागे न वळता म्हणाली, "बूट बाहेर काढ. आत्ताच जमीन पुसलीये मी."

डेलमरनं दाराची चौकट धरली. बूट काढले. हात धुतले. टेबलाशी बसला.

"किती वाळलायस रे. खात नाहीस का काही? जोलीन बरी आहे ना? तिला म्हणावं, तू नाही तर नाही, पण डेल माझं सगळं करतो हो."

"आई."

"काय रे बाळा?"

"काही नाही."

तो रडत होता आणि हसत होता. एवढंच हवं होतं त्याला. आई अखंड बोलत होती, त्याच्या लग्नातल्या फजितीबद्दल, त्याच्या बायकोच्या पिवळ्या ड्रेसबद्दल. तिला सगळं आठवत होतं. बोलता बोलता तिनं ओव्हन उघडला आणि तापलेला ट्रे उघड्या हातांनी बाहेर काढून ओट्यावर ठेवला. सावकाश, पोलपाट उचलून ठेवावा तसा. बोलणं मधे तुटलंसुद्धा नाही.

डेलमरनं नजर टेबलावर वळवली.

भिंतीवरचा फोन वाजला. त्यानं उठून घेतला. शेरिफच्या ऑफिसातला कर्टिस होता; डेलमरनं त्याला लहानाचा मोठा होताना बघितलं होतं.

"डेलमर, बसलायस ना तू?" कर्टिसचा आवाज जड होता. "तुझी आई सापडलीये आम्हाला. नदीपलीकडे, लाल मातीच्या चढावर, गव्हात. मला फार वाईट वाटतंय रे. थंडीनं गेली असावी. डॉक्टर म्हणतात, सकाळीच."

स्वयंपाकघरात आई बशा मांडत होती.

"इतक्या लांब कशी आली देव जाणे. बसलेलीच सापडली. एका अंगाला कलली होती, कुणाच्या खांद्याला टेकावं तशी. डेलमर? ऐकतोयस ना?"

"कशावरून तीच?" तो हळू म्हणाला.

"मी ओळखत नाही का विल्मा आजीला? निळा स्वेटर आहे. एक बटण चुकीच्या काजात." कर्टिस थांबला. "तू एकटाच आहेस का घरी?"

डेलमरनं आईकडे बघितलं. पाठमोरी होती. निळा स्वेटर अंगात होता. बटणं पुढच्या बाजूला होती, ती इथून दिसत नव्हती.

"मी येतो तुझ्याकडे," कर्टिस म्हणाला. "वीस मिनिटं लागतील. दार उघडं ठेव."

डेलमरनं फोन जागेवर ठेवला.

"कोण होतं रे?" आईनं विचारलं. "कुणी येतंय का जेवायला?"

"नाही."

"मग बस. गार होतील."

तो टेबलाकडे गेला नाही. आधी दाराशी गेला आणि कडी लावली. मग येऊन बसला. तिनं त्याच्या पुढ्यात बशी ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून त्याच्याकडे तोंड करून बसली. डेलमरनं मान खाली घातली ती वर केली नाही. बीरॉकचे दोन तुकडे केले, त्यातून वाफ आली.

"आई," तो बशीकडे बघत म्हणाला, "पुन्हा एकदा हाक मार मला."

तिनं मारली.